भुशाचं गाणं

टेक एक

अंबिका उंबऱ्यावर बसली होती आणि तिच्या कानात महारुद्र गात होता. गात होता म्हणजे बरळत होता. "ना ने रो, दे ना ने रो, हो सारा दे ला रे..."

याला त्यांच्या बँडमध्ये भुसा म्हणत. आधी महारुद्र गिटारवर चाल बांधायचा, तोंडाला येईल ते त्या चालीत कोंबायचा आणि तो भुसा अंबिकेच्या मोबाइलवर पाठवायचा. मग अंबिका तो ऐकत राहायची. ऐकता ऐकता भुसा उडून जायचा आणि त्या जागी शब्द दिसायला लागायचे. सात गाणी अशीच झाली होती. आठव्याचा भुसा येऊन पडला त्याला पावसाळा गेला, हिवाळाही गेला. तो जिथल्या तिथे होता.

परभणीत रॉक बँड आहे हे परभणीलाच फारसं ठाऊक नव्हतं. महारुद्रच्या वडलांचं गाद्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या लावलेल्या असत, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नसे. तिथे महारुद्र गायचा आणि परमेश्वर ड्रम बडवायचा. लग्नसराईत हाच परमेश्वर बँजो पार्टीत वाजवायचा, त्याच्यावरच त्याचं घर चालायचं. अंबिका कधी गायली नाही. ती शब्द द्यायची आणि गाद्यांच्या थप्पीवर बसून ऐकायची.

अल्बमचं नाव 'उतरणारे उतरले'. नाव पहिल्या गाण्यातलं:

गाडी थांबली, उतरणारे उतरले,
मीही उतरले.
गाव माझं नव्हतं, तरी
कुणी म्हणालं नाही, परत जा.

हे घडलेलं होतं. अंबिका तेव्हा पूर्णेच्या एका शाळेत तासिकेवर शिकवायची. रोज सकाळी परभणीहून रेल्वेने जायची. एके दिवशी पूर्णा आलं आणि ती जागेवरून उठलीच नाही. गाडी पुढे निघाली. चुडाव्याला ती उतरली आणि संध्याकाळपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. शाळेतून फोन गेला तेव्हा तिचे वडील अप्पाराव तिला शोधत चुडाव्याला आले. का बसलीस, असं त्यांनी विचारलं. तिला सांगता आलं नाही. अजूनही आलं नसतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. एखाद्या घरातली वीज जावी आणि शेजारच्यांची असावी, तसं काहीसं.

आता ती बरी होती. डॉक्टरांची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, झोप लागायची, गल्लीतली पोरं शिकवणीला यायची. हसू यायचं तेव्हा ती हसायची. फक्त गाणं यायचं नाही.

"अंबू, ऊठ तिथून. दिवेलागण झाली."

अप्पाराव आतून ओरडले. त्यांचं मूळ गाव पोखर्णी, कुलदैवत नरसिंह. नरसिंहानं हिरण्यकश्यपूला फाडलं ते उंबऱ्यावर आणि तेही ना दिवस ना रात्र अशा वेळी. म्हणून त्यांच्या घरात दिवेलागणीला उंबऱ्यावर कुणी बसायचं नाही. अप्पांनी हा नियम जन्मभर पाळला. मोडला एकदाच. ज्या उन्हाळ्यात अंबिका उंबऱ्यावरून उठेचना, त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते बाहेर आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सरक जरा, मीबी बसतो."

पण ते जुनं झालं. आता ते पुन्हा ओरडू लागले होते, म्हणजे घर ताळ्यावर आलं होतं.

अंबिका उठली. कानात भुसा चालूच होता.


टेक दोन

अंबिका गाद्यांच्या थप्पीवर बसली होती. खाली महारुद्र आणि परमेश्वर भांडत होते.

"वरातीत? वरातीत वाजवलंस तू आठवं?"

"आरं वाजवलं न्हाई, वाजलं." परमेश्वर कान खाजवत म्हणाला. "चारठाण्याला वरात होती. नवरदेवाचा मामा म्हनला, काहीतरी नवं लाव. हाताला तेच आलं."

"आपल्या अल्बममधलं सगळ्यात काळं गाणं हाय ते, परम्या!"

"काळं असंल. पब्लिक लय नाचली पर. मामा तर घोड्याम्होरं लोळला. 'ना ने रो, ना ने रो' करत म्हाताऱ्याबी म्हनायल्या."

अंबिकेला हसू फुटलं. महारुद्रनं वर पाहिलं, तेव्हा तिनं ते ओठांतच दाबलं.

"तू हस," तो म्हणाला. "पुण्याचा मिक्सिंगवाला महिनाअखेर धरून बसलाय. सात गाण्यांवर मी थांबू का? सातव्यात तू बाईला विहिरीच्या काठावर उभी करून ठिवलीस, अंबे. तिचं पुढं काय? आठव्याशिवाय ते उघडंच राहायलंय."

"मला येईना गेलंय रुद्र्या. खरंच."

"आधी कसं यायचं?"

याचं उत्तर महारुद्रलाच माहीत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. अल्बमच्या कव्हरचं चित्रही त्यानं त्याच समजुतीतून केलं होतं: काळ्या जमिनीवर अंबिकेच्या अक्षरातल्या लाल ओळी. पहिली गाणी तिनं लाल शाईत लिहिली होती. "हे शाईनं लिहिलेलंच नाही," तो मुलाखती दिल्यासारखा सांगायचा, जरी अजून कुणी मुलाखत घ्यायला आलं नव्हतं.

परमेश्वर चहा सांगायला बाहेर गेला. महारुद्र गिटारच्या खुंट्या उगाच पिळत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "त्या गोळ्या आठ दिवस बंद ठिवल्या तर?"

अंबिकेनं थप्पीवरून खाली त्याच्याकडे पाहिलं.

"तसं न्हाई. म्हणजे... गाणं होईपर्यंत. मग घे की पुन्हा. तू तेव्हा जे लिहायचीस ना, अंबे, तसं आपल्याकडं कुणीच लिहीत न्हाई. ते वाचून मला वाटायचं, आपलंबी कुणीतरी लिहायलंय."

हे शेवटचं वाक्य तो इतकं हळू बोलला की गाद्यांनी ते जवळजवळ पिऊनच टाकलं.

अंबिकेला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हेच ती कितीतरी दिवस स्वतःशी बोलत होती. तिला ती बाई हवी होती. बादलीभर पाण्याकडे बघून जिला ओळ सुचायची:

आंघोळीच्या बादलीत
आभाळ भरून ठेवलं,
अंगावर घ्यायचं राहून गेलं.

आता अंबिका रोज आंघोळ करायची, आणि बादलीत फक्त पाणी असायचं.


टेक तीन

अंबिका बसली होती.
अंबिका विहिरीच्या काठी
विहिरीत चंद्र (नको)
विहिरीत (नको, नको)
ना ने रो


टेक चार

अंबिका चुडाव्याच्या फलाटावर बसली होती. तोच बाक, फक्त रंग नवा. गोळ्या थांबवल्याला काही दिवस झाले होते.

थांबवणं सोपं होतं. त्यांच्या घरात औषध आधी देवापुढे ठेवायची पद्धत होती. आईनंच ती लावलेली. आई सध्या पुण्याला, अंबिकेच्या भावाच्या बाळंतीण बायकोजवळ होती, पण पद्धत मागे राहिली होती. रात्री जेवण झालं की अंबिका गोळी नरसिंहाच्या तसबिरीपुढे ठेवायची, हात जोडायची आणि मग पाण्याबरोबर घ्यायची. आता ती हात जोडायची, गोळी शेजारच्या कापराच्या डबीत सरकवायची आणि नुसतं पाणी प्यायची. खोलीत बसलेल्या अप्पांना पाण्याचा आवाज जायचा. अप्पा निश्चिंत.

झोप गेली. डोक्यात ट्रान्सफॉर्मरसारखी घुंई घुंई सुरू झाली. परवा एका पोराचा पाढा चुकला म्हणून ती एवढ्या जोरात ओरडली की पोरगं पाटी टाकून घरी पळालं. हे सगळं चालेल, असं तिनं ठरवलं होतं. किंमत आहे ही. बदल्यात ओळ येऊ दे.

नांदेडकडची गाडी आली. उतरणारे उतरले. एक बाई बोचकं डोक्यावर घेऊन गेली, दोन कॉलेजातली पोरं एकमेकांना शिव्या देत गेली. गाडी गेली. अंबिकेनं कानात भुसा लावला आणि डोळे मिटले. ये, ती मनात म्हणाली. एवढी लांब आले मी तुझ्यासाठी. याच बाकावर सोडलं होतं ना तुला?

आणि ओळ आली! तिनं घाईघाईनं मोबाइलवर टिपली. 'गाडी गेली, थांबणारे थांबले.' तिनं ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. मग तिला कळलं, ही नवी नव्हे. ही पहिल्याच गाण्याची ओळ, शर्ट उलटा घालून आलेली.

समोरच्या रुळांमध्ये एक कुत्रं काहीतरी हुंगत होतं. अंबिका त्याच्याकडे बघत बसली. कुत्र्याबद्दलही तिला काही सुचलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि पूर्णेपासून परभणीपर्यंत पुटपुटत राहिली, ना ने रो, ना ने रो. शेजारच्या बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.


टेक पाच

अंबिका उंबऱ्यावर बसली होती. दिवेलागण झाली होती. आत अप्पा आरती म्हणत होते आणि आज त्यांनी 'ऊठ तिथून' म्हटलं नव्हतं, कारण चुडाव्याहून आल्यावर तिचा चेहरा बघून ते गप्पच झाले होते.

आरती संपली. काडेपेटीचा आवाज आला. मग पुन्हा आला. पुन्हा.

"काय कापूर द्यायलेत आजकाल," अप्पा आत पुटपुटले. "पेटंना झालाय."

अंबिकेला कापराची डबी आठवली. तिनं उठायला हवं होतं. उठता आलं नाही.

अजून एक काडी. एक कडवट, जळकट वास बाहेर आला. कापराचा नव्हता. मग आत काहीच आवाज नाही. डबीचं झाकण लागल्याचाही नाही.

अप्पा पैठणच्या बाजूला, वसमतला, जिंतूरला, जिथे बदली होईल तिथे चाळीस पोरांच्या वर्गापुढे उभे राहिलेले मास्तर. वर्गात कुणी कॉपी केली तर ते कधी हात उचलत नसत. बाकाशेजारी जाऊन नुसते उभे राहत. पोरगं आपोआप चिठ्ठी काढून द्यायचं. तसेच ते आता मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या तळहातावर एक काळवंडलेली गोळी होती. आरतीच्या ताटातून उचलून आणलेली.

"अप्पा, मी..."

"सरक जरा," ते म्हणाले. "मीबी बसतो."

ती सरकली. ते बसले. गुडघ्यांनी कटकट आवाज केला. समोरच्या घरातली दगडाबाई कचरा टाकायला बाहेर आली, मास्तर दिवेलागणीला उंबऱ्यावर बसलेले बघून दचकली आणि कचरा तसाच घेऊन आत गेली.

"नरसिंहाला आज तुझ्या गोळीनं ओवाळलं मी," अप्पा म्हणाले. "देव बरा व्हायचा आता."

अंबिका हसली आणि त्याच वेळी रडायलाही लागली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. पुण्याचा मिक्सिंगवाला, विहिरीच्या काठावरची बाई, महारुद्रचं म्हणणं, चुडाव्याचा बाक. "मला तेव्हा यायचं अप्पा. आजारी होते, पण यायचं. आता बरी हाय, तर कोरडी ठणठणीत. माझ्यातली जी चांगली होती तीच गेली. मला तिची लय आठवण येती."

अप्पांनी गोळी बोटांत फिरवली.

"कव्हा यायचं म्हणलीस?"

"तेव्हाच की. त्या उन्हाळ्यात."

"त्या उन्हाळ्यात तू लिहिलं न्हाईस."

"अप्पा, सगळी गाणी..."

"ऐक तर. त्या उन्हाळ्यात तू आंघोळ करत नव्हतीस. वेणी तुझी आई घालायची, तर डोकं धरून बसवायला लागायचं. ताटातलं वरण गार व्हायचं, त्याच्यावर साय धरायची, तरी तू हात लावायची न्हाईस. लिहितीस कशाची? पेन धरायचीबी ताकद नव्हती तुला." ते थांबले. "गोळ्या चालू झाल्या. पाऊसबी होऊन गेला. मग एक दिवस तू इथंच कानात ते गाणं लावून बसल्या बसल्या म्हणलीस, अप्पा, पेन हाय का?"

अंबिका त्यांच्याकडे वळली.

"माझ्या खिशात पेपर तपासायचा पेन होता. रिटायर होऊन किती साल झाली, तरी खिशाला लागतोच. तोच देला. म्या म्हणलं दुसरा आणून देतो, तर तू आयकलंच न्हाईस. लिहीत सुटलीस."

"लाल," अंबिका म्हणाली.

"मग? मास्तराजवळ दुसरा कुठला असतोय?"

काळ्या जमिनीवरच्या त्या लाल ओळी अंबिकेच्या डोळ्यांपुढे आल्या. हे शाईनं लिहिलेलंच नाही! कितीतरी उत्तरपत्रिकांवर 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून उरलेली शाई होती ती.

"म्हणजे ते आजारपणानं लिहिलं न्हाई," ती हळूहळू म्हणाली.

"ते मला काय कळतंय. मी भूगोलाचा मास्तर. पण पुरात बुडालेला माणूस पुराचं वर्णन करत न्हाई, एवढं ठाऊक हाय. काठावर आल्यावर करतो. कपडे वाळत घालून." अप्पांनी ती काळी गोळी अंगणात भिरकावली. "जेवून घे. अन् नवी गोळी माझ्या म्होरं घे. देवाला आज ठिवू नको, देवानं घेतलीय त्याची."


टेक सहा

अंबिका गाद्यांच्या थप्पीवर बसली नव्हती. ती माइकच्या शेजारी महारुद्रपुढे उभी होती. डॉक्टरांकडे जाऊन, त्यांची बोलणी खाऊन, गोळ्यांची घडी पुन्हा बसवून ती आली होती.

"गोळ्या सोडल्या होत्या मी," तिनं आल्या आल्या सांगितलं. "काही आलं न्हाई. पोरावर ओरडले तेवढं आलं."

महारुद्रचा चेहरा पडला. "अंबे, ते मी..."

"पुन्हा कुणाला म्हणू नको."

"न्हाई."

"अन् ते आपलंबी कुणीतरी लिहायलंय म्हणलास ना, त्याच्याबद्दल आपण वेगळं बोलू. चहावर. तूबी डॉक्टरला दाखव."

परमेश्वर ड्रममागून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "आठव्याचं काय मग, ताई?"

अंबिकेनं कागद काढला. कागदावर एकच ओळ होती. महारुद्रनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"बाकीचं?"

"बाकी भुसाच राहू दे. तसाच गा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ना ने रो. शेवटी सगळं थांबव आणि ही ओळ म्हण. एकदाच."

"'सरक जरा, मीबी बसतो.'" महारुद्रनं वाचलं. "हे रॉक हाय? बसमध्ये सीट मागायलोत का आपण?"

"विहिरीच्या काठावर बाई उभी हाय, रुद्र्या. तिला कोण काय म्हणणार? उडी मारू नको म्हणून ती ऐकती का? माझ्याजवळ तिच्यासाठी दुसरं काहीच न्हाई. एवढंच खरं हाय."

परमेश्वरनं काठ्या मांडीवर ठेवल्या. "वरातीत म्हाताऱ्या म्हनायल्या त्याबी ना ने रोच," तो म्हणाला. "शब्दाबिगर कळलं व्हतं त्यास्नी. काय कळलं ते म्या न्हाई सांगू शकत."

मग त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. भुसा महारुद्रच्या गळ्यातून असा निघाला की गाद्यांमधला कापूसही दचकला असेल. इतके महिने शब्दांची वाट बघून त्या निरर्थक अक्षरांना धार आली होती. शेवटी ड्रम थांबले, गिटारची तार थरथरत राहिली आणि त्यानं ओळ म्हटली.

"मोठ्यानं नको," अंबिका म्हणाली. "जागा मागायलास. भांडायला न्हाई."

त्यानं पुन्हा म्हटली. पुन्हा चुकली. मग एकदा त्याचा आवाजच बसला, नुसता श्वास आणि त्यातून कसेबसे शब्द. परमेश्वरनं हात लांब करून मशीन बंद केलं.


भुसा

अंबिका उंबऱ्यावर बसली होती. अल्बम बाहेर पडला होता. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं ऐकत होती, कुणी लिहीत होतं, आठवं गाणं अपुरं राहिलंय. कुणी लिहीत होतं, आठवं पुन्हा पुन्हा ऐकतो. अप्पांनी आठही गाणी देवळात बसल्यासारखी मांडी घालून ऐकली होती. "शेवटचा पेपर कोराच देलास की," ते म्हणाले होते आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी वाजवत राहिले होते.

आता तिच्या कानात पहिलं गाणं होतं. गाडी थांबली, उतरणारे उतरले. किती छान लिहायची ती. लाल पेन घेऊन या उंबऱ्यावर बसलेली, नुकती काठाला लागलेली, ओल्या केसांची. अप्पा म्हणतात ते खरं असेल. तिला आजारानं आणलं नव्हतं. पण आजार गेला तशी तीही गेली, आणि चांगल्या झोपेच्या, चांगल्या भुकेच्या दिवसांत तिची आठवण कधीही यायची. पाढे शिकवताना. वरणाला फोडणी देताना. ती परत यावी, असं अंबिकेला आता वाटत नव्हतं. पण ती होती तिथं एकटी नसावी, असं मात्र फार वाटायचं.

उजेड कमी झाला. अंबिका थोडी सरकली. तिच्या शेजारी उंबऱ्याचा दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता.

"अंबू, दिवेलागण झाली. ऊठ तिथून."

"उठते, अप्पा."

ती उठली नाही. आतून वाट बघून अप्पा बाहेर आले आणि त्या रिकाम्या जागेवर बसायला वाकले.

"तिथं नको," अंबिका पटकन म्हणाली. "या बाजूला बसा."

"का? इथं कोण हाय?"

अंबिकेनं त्या जागेवर तळहात ठेवला. अप्पांनी कोमट दगडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. अंबिका मधे राहिली. आत देवापुढची वात लावायची राहिली होती.